नाणं, संत्रं, खडू, मॅंगनीजचा खडा: आकारमान आणि घनता घरच्या साधनांनी नेमकी कशी मोजायची?

प्रयोगवही_धरमपेठ
आठवीच्या मुलांकडून घनतेचा प्रयोग करून घ्यायचा आहे. वस्तू रोजच्याच: एक रुपयाचं नाणं, संत्रं, खडू, खडीसाखर आणि नागपूरजवळच्या मनसरकडचा मॅंगनीजचा खडा. हाताशी १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा किचनचा काटा आणि १०० मिलीचं मोजपात्र आहे. नाण्याची घनता (वजन भागिले आकारमान) कधी ४ येते, कधी ८. संत्रं मोजपात्रात मावत नाही, पातेल्यात टाकलं तर तरंगून राहिलं. खडू टाकला की पाणी आधी चढतं, मग हळूहळू उतरतं. तोटीच्या भांड्यातून सांडलेलं पाणी मोजलं तर त्याच दगडाचा आकडा दर वेळी वेगळा. नेमकं कुठे चुकतं?

काटेतोल
तोटीचं भांडं आधी बाजूला ठेवा. तोटीच्या तोंडाशी पाण्याचा फुगवटा धरून राहतो. कधी तो थेंब पडतो, कधी नाही. छोट्या दगडाला तेवढा फरकही पुष्कळ.

आकारमान काट्यालाच मोजू द्या. काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून टेअर (आकडा शून्यावर आणायचं बटण) दाबा. काट्याच्या दोन्ही बाजूंना विटा, त्यांवर आडवी पट्टी, आणि पट्टीला नायलॉनच्या दोऱ्याने वस्तू टांगा. ती पूर्ण बुडली पाहिजे, पण तळाला किंवा कडेला टेकता कामा नये. आता काट्यावर जितके ग्रॅम, तितके मिली आकारमान. पाणी वस्तूला जितकं वर ढकलतं, तितकीच वस्तू पाण्याला खाली दाबते. म्हणून काट्यावर सारलेल्या पाण्याचं वजन येतं. वस्तू तळाला टेकली की तिचं स्वतःचं वजनही त्यात येतं आणि आकडा एकदम फुगतो. सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. सुती दोरा पाणी पितो, तो नको.

टेअर केल्यावर लगेच बुडवा. शून्याजवळ फार हळू वाढणारं वजन काही काटे स्वतःच शून्य धरतात.

नाण्याचा घोळ वेगळा आहे. २०११ नंतरचं एक रुपयाचं नाणं ३.७९ ग्रॅमचं, म्हणजे आकारमान जेमतेम अर्धा मिली. मोजपात्रावर १ मिलीच्या रेघा. अर्धा वाचला तर ८, एक वाचला तर ४. वर्गातून अशी ४० नाणी गोळा करा, नायलॉनच्या जाळीत सैल टांगा आणि रिकाम्या जाळीचा आकडा वजा करा. वजन १५२ च्या आसपास, आकारमान २० च्या आसपास, घनता ७.६ च्या जवळ. स्टेनलेस स्टीलला हे बरोबर बसतं. १० रुपयांची नाणी मिसळू नका, त्यांत दोन धातू असतात.

सराफ_ओळीजवळ
वरच्या पद्धतीशी पूर्ण सहमत, पण एकच नाणं मोजायचं असेल तर इतवारीत सराफांकडे असतो तसा ०.०१ ग्रॅमचा छोटा काटा लागेल. मग बाकीच्या गोष्टीही सांभाळाव्या लागतात. कूलर आणि पंखा बंद ठेवा, वाऱ्याने आकडा ठरत नाही. पाणी उकळून गार केलेलं घ्या, नाहीतर वस्तूवर बारीक बुडबुडे धरतात आणि आकारमान जास्त दिसतं. भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकला तर हवा सहज सुटते. नाण्याच्या कडेची खाच बोटाने पुसून घ्या, तिथे बुडबुडा हमखास असतो.

मे महिन्यात टाकीचं पाणी ४० अंशांचं असेल तर त्याची घनता ०.९९२ असते, ३० अंशांना ०.९९६. आलेला आकडा तिने भागायचा. किचनच्या काट्यावर हा फरक दिसणारही नाही, तिथे सोडून द्या.

भिंगरी_महाल
संत्र्याबद्दल. तरंगणारी वस्तू विणायच्या सुईने दाबून बुडवा. आधी नुसती सुई खुणेपर्यंत बुडवून टेअर करा, मग त्याच खुणेपर्यंत संत्र्यासकट. संत्रं १४० ग्रॅम आणि आकडा १५५ आला तर घनता ०.९०. आपल्या नागपुरी संत्र्याची साल सैल असते, साल आणि फोडींच्या मध्ये हवा असते, म्हणून ते तरंगतं. सोलून फोडी सुट्या केल्या की रसदार फोड बहुधा बुडते. मुलांना हे दोन्ही एकापाठोपाठ दाखवाच. घनता वस्तूची की पदार्थाची, हा प्रश्न ती स्वतः विचारतात.

खडू सच्छिद्र आहे. पाणी आत शिरतं, हवा बाहेर येते, म्हणून पातळी उतरते. त्याचं बाहेरचं आकारमान हवं असेल तर वितळलेल्या मेणात पटकन बुडवून काढा. वाढलेलं वजन ०.९ ने भागलं की मेणाचं आकारमान मिळतं, ते वजा करा. घनता काढताना वजन मात्र मेण लावण्याआधीचं घ्या. मेण फार गरम नको, नाहीतर तेही खडूत मुरतं.

खडीसाखर पाण्यात विरघळते, ती शेंगदाणा तेलात मोजा. तेलाची घनता अंदाजाने धरू नका. काचेचा मोठा पेपरवेट एकदा पाण्यात, एकदा तेलात टांगा. पाण्यात २०० आणि तेलात १८३ आलं तर तेलाची घनता ०.९१५. मग साखरेचा आकडा भागिले ०.९१५.

प्रयोगवही_धरमपेठ
मॅंगनीजचा खडा टांगून पाहिला. वजन १८६, बुडवल्यावर ४५. म्हणजे ४.१?

काटेतोल
हो, ४.१. काट्याचा अर्धा ग्रॅम इकडेतिकडे धरला तरी ४.०८ ते ४.१९ मध्येच राहतं, तेव्हा दशांशानंतर एकच अंक लिहायला सांगा. जोडीला तेवढाच काळा बसाल्ट द्या, दिसायला जवळपास सारखाच. ४५ मिलीचा बसाल्ट १२५ ते १३० ग्रॅम भरतो. आणखी दोनतीन मॅंगनीजचे खडे मिळाले तर तेही मोजा, आकडे वेगळे येतील. खनिजात गारगोटी मिसळलेली असते. ती जितकी जास्त, तितकी घनता खाली.