आयटीआय झालेल्या कर्णबधिर मुलाला कारखान्यात काम मिळवायचे तर मधली वाट कोण दाखवते?

प्रश्न : कृष्णाकाठचा शेतकरी (वाळवा तालुका)

माझा धाकटा मुलगा जन्मापासून कर्णबधिर आहे. दहावीपर्यंत तो मूकबधिर मुलांच्या निवासी शाळेत शिकला आणि गेल्या वर्षी त्याने आयटीआयमधून फिटरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केला. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे केंद्रीय ओळखपत्र), गुणपत्रके अशी सर्व कागदपत्रे जवळ आहेत. तेव्हापासून कुपवाड आणि मिरज एमआयडीसीत मिळून आम्ही अकरा ठिकाणी जाऊन आलो. बहुतेक ठिकाणी फाटकावरच अर्ज ठेवून घेतला गेला.

एका कारखान्यात मात्र आत बोलावले. तेथील साहेबांनी सगळे प्रश्न मलाच विचारले. याला क्रेनचा हॉर्न ऐकू येणार नाही, काही बरेवाईट झाले तर जबाबदारी कोणाची, असे ते म्हणत असताना मुलाने टेबलावरचे एक बुश (यंत्राचा नळीसारखा सुटा भाग) उचलले, शेजारच्या व्हर्नियरने माप घेतले आणि माझ्या पिशवीतल्या कागदावर 24.98 असे लिहून तो कागद त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी तो पाहिलाही नाही. सहा महिने बिनपगारी येऊ दे, मग बघू, एवढे सांगून त्यांनी आम्हाला वाटेला लावले.

असे बिनपगारी पाठवणे योग्य आहे का? शाळा आणि कारखाना यांच्या मधल्या टप्प्यावर मदत करणारी एखादी व्यवस्था आपल्या भागात आहे का? भावकीतले लोक म्हणतात, सरकारी नोकरीच्या परीक्षा देऊ दे, नाहीतर गावात झेरॉक्सचे यंत्र घालून दे. जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर 1 : निवृत्त विशेष शिक्षिका, मिरज

बिनपगारी मुळीच पाठवू नका. आयटीआय उत्तीर्ण मुलासाठी शिकाऊ उमेदवार कायदा, 1961 हा सरळ मार्ग आहे. तीस किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. त्याचा करार पोर्टलवर नोंदवला जातो, उमेदवाराला ठरलेले विद्यावेतन मिळते आणि राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत त्यातील 25 टक्के वाटा, दरमहा 1,500 रुपयांच्या मर्यादेत, केंद्र सरकार उचलते. आपल्या आयटीआयमध्ये बीटीआरआय (शिकाऊ उमेदवारांचे मूलभूत प्रशिक्षण पाहणाऱ्या) कार्यालयाची चौकशी करा. हे काम तेथून चालते. त्या साहेबांना जे सहा महिने पाहायचे आहे ते त्यांना या कराराखालीही पाहता येईल, आणि मुदत संपल्यावर परीक्षा देऊन मुलाच्या हाती राष्ट्रीय प्रमाणपत्रही येईल.

मधल्या टप्प्यासाठी केंद्रीय श्रम मंत्रालयाची खास केंद्रे आहेत. पूर्वी त्यांना व्यावसायिक पुनर्वसन केंद्र म्हणत, आता दिव्यांगांसाठीचे राष्ट्रीय करिअर सेवा केंद्र म्हणतात. आपल्याला मुंबईचे केंद्र आहे. तेथे उमेदवाराचा कल, हाताचे कौशल्य आणि शारीरिक क्षमता तपासून कोणते काम झेपेल याचे मूल्यमापन होते. फाटकावर उभ्या असलेल्या बापाच्या शब्दापेक्षा अशा मूल्यमापनाच्या कागदाला मालक लोक अधिक मान देतात, हे मी पाहिले आहे. मिरजेतही शासनाचे प्रौढ दिव्यांगांचे प्रशिक्षण केंद्र आहे, तेथे संगणक आणि मोटार रिवाइंडिंग शिकवतात. परंतु आपल्या मुलाच्या हाती एक व्यवसाय आधीच आहे, त्यामुळे त्याला दुसऱ्या प्रमाणपत्राच्या मागे लावण्याची घाई करू नये, असे माझे मत आहे. प्रमाणपत्रांवर प्रमाणपत्रे घेऊन घरी बसलेली मुले मला ठाऊक आहेत.

खरी उणीव वेगळीच आहे. अमेरिकेत पुनर्वसन कायदा 1973 चा आहे. त्यात 2014 साली दुरुस्ती झाली आणि प्रत्येक राज्याने व्यावसायिक पुनर्वसनाच्या केंद्रीय निधीपैकी किमान 15 टक्के रक्कम शिकत असलेल्या दिव्यांग विद्यार्थ्यांच्या नोकरीपूर्व सेवांसाठी राखून ठेवावी असे ठरले. वेगवेगळ्या कामांची ओळख करून देणे, प्रत्यक्ष कामाच्या जागी अनुभव देणे, पुढील शिक्षणाचा सल्ला देणे, कामाच्या ठिकाणच्या रीतीभातींची तयारी करून घेणे आणि स्वतःची बाजू स्वतः मांडायला शिकवणे, या त्या पाच सेवा होत. म्हणजे शाळा सुटण्याआधीच पुनर्वसनाचा समुपदेशक वर्गात येतो. आपल्याकडे शाळा, आयटीआय आणि रोजगार केंद्र आपापले काम करतात, पण एकाने दुसऱ्याच्या हाती मूल सोपवल्याचे मी क्वचितच पाहिले. दुसऱ्याला कशाला बोलू? मी 26 वर्षे शिकवले आणि दरवर्षी निरोप समारंभात एकेक पेन देऊन मुलांना घरी धाडले. त्यांपैकी एकालाही मी कधी कारखाना दाखवायला नेले नव्हते.

उत्तर 2 : लघुउद्योजक, सातारा एमआयडीसी

त्या साहेबांची बाजू घेत नाही, परंतु भीती कोठून येते ते सांगतो. माझ्या मशीन शॉपमध्ये पहिला कर्णबधिर मुलगा आला तेव्हा मी फक्त अपघाताचा विचार केला. भोंग्याला जोडून लाल दिवा लावला, फोर्कलिफ्टच्या वाटेवर पिवळे पट्टे मारले आणि त्याचे मशीन अशा जागी ठेवले की समोरून येणारा माणूस त्याला दिसावा. खर्च किरकोळ होता. तरीही तीन आठवड्यांत तो काम सोडून गेला.

कारण पुढे कळले. चहाची सुट्टी झाली की सगळे हात पुसून निघून जात. हा मात्र खाली मान घालून काम करत राही आणि मान वर करी तेव्हा शॉप रिकामे झालेले असे. भोंगा आम्ही पाळी सुरू होताना आणि सुटतानाच वाजवत होतो. चहासाठी फोरमनने एक हाक मारली की काम भागत असे. माप बदलले तरी तो लांबूनच ओरडून सांगे. एकदा जुन्या मापाचा माल निघाला आणि बोलणी मुलाला खावी लागली. चूक माझीच होती, कारण दिवा लावला म्हणजे व्यवस्था झाली अशी मी समजूत करून घेतली होती. दुसरा मुलगा घेतला तेव्हा प्रत्येक मशीनपाशी फळा टांगला, माप त्यावरच लिहायचे असा नियम केला, आणि शेजारच्या ऑपरेटरला पंधरा-वीस खुणा शिकवून त्याच्यावर जबाबदारी टाकली. मापाच्या चुका इतरांच्याही कमी झाल्या. तो मुलगा अजून माझ्याकडे आहे.

म्हणून सुचवतो की, मुलाला कोठेही लावताना पहिल्या महिन्यात शाळेतील खुणांची भाषा जाणणारे कोणी तरी आठवड्यातून एकदा तेथे येईल एवढे मालकाकडून कबूल करून घ्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 खाजगी आस्थापनांनाही लागू आहे. समान संधी धोरण प्रत्येक आस्थापनेने प्रसिद्ध करायचे असते, आणि वीस किंवा अधिक कर्मचारी असतील तर दिव्यांगांसाठी कोणत्या सोयी केल्या आहेत याचा तपशीलही त्यात द्यावा लागतो. ते धोरण दाखवता का, असे नम्रपणे विचारायला हरकत नाही. नुसत्या प्रश्नानेही बोलण्याचा सूर बदलतो.

उत्तर 3 : अल्पदृष्टी बँक कर्मचारी, कराड

सरकारी नोकरीबद्दल थोडे सांगतो, कारण मी त्याच वाटेने आलो. आरक्षण एकूण 4 टक्के आहे आणि त्यातील 1 टक्का बधिर व श्रवणदोष असलेल्यांसाठी आहे. त्यासाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागते. परंतु प्रत्येक पद प्रत्येक प्रवर्गासाठी योग्य ठरवलेले नसते, म्हणून जाहिरातीतील तो रकाना आधी वाचावा. माझी स्वतःची चार वर्षे परीक्षांमध्ये गेली आणि त्या काळात मी दुसरे काहीही केले नाही, याचे मला आजही वाईट वाटते. आपल्या मुलाने शिकाऊ उमेदवारी करत असतानाच परीक्षा द्याव्यात.

निवृत्त शिक्षिकाबाईंच्या एका मुद्द्यावर माझे मत किंचित वेगळे आहे. एखाद्याचा कल तांत्रिक कामाकडे नसेल, तर मिरजेच्या केंद्रातील संगणकाचे प्रशिक्षण वाया जात नाही. शिवाय आणखी एक अडचण आहे, जिच्याविषयी पालक उघडपणे बोलत नाहीत. मुलगा कमावू लागला तर संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान बंद होईल, या धास्तीने कित्येक घरांतून मुलाला कामाला पाठवतच नाहीत. उत्पन्नाची मर्यादा तहसील कार्यालयात समक्ष विचारून घ्यावी आणि अनुदानाची रक्कम व पगार यांचा हिशेब एकदा कागदावर मांडावा. प्रवासापुरते म्हणाल तर एसटीच्या भाड्यात दिव्यांगांना 75 टक्के सवलत आहे, ती विसरू नये.

प्रश्नकर्त्याचे उत्तर : कृष्णाकाठचा शेतकरी

सर्वांचे मनापासून आभार. अनुदानाची धास्ती आमच्याही घरात होती, हे मान्य करतो. उद्या आयटीआयमध्ये जाऊन बीटीआरआयची चौकशी करणार आहे आणि मुंबईच्या केंद्रालाही पत्र पाठवणार आहे.

काल रात्री ही सर्व उत्तरे मुलाला वाचायला दिली. त्याने वहीत लिहून मला विचारले की, सातारच्या साहेबांच्या शॉपमध्ये सरफेस ग्राइंडर (धातूचा पृष्ठभाग घासून सपाट करणारे यंत्र) आहे का. बेंचवरच्या कामापेक्षा त्याला ग्राइंडिंग अधिक आवडते, हे मला त्या वहीतून पहिल्यांदा समजले; अकरा ठिकाणी मी त्याच्या वतीने फिटरचे कोणतेही काम चालेल असेच सांगत आलो होतो. तेव्हा साहेबांनी एवढे कळवावे.

उत्तर 2 यांचे प्रत्युत्तर : लघुउद्योजक, सातारा एमआयडीसी

दोन आहेत. गुरुवारी आमची साप्ताहिक सुट्टी असते, तो वार सोडून मुलाला घेऊन या. व्हर्नियर येथे मिळेल, वही त्याने आणावी.