मदत हवी आहे: कोर्सची फी परत मिळवायला ग्राहक आयोग की केंद्रीय प्राधिकरण?

ऑनलाइन डेटा अ‍ॅनालिटिक्स कोर्सची फी 72,000 रुपये, नऊ महिन्यांपूर्वी भरलेली. जाहिरातीत 'शंभर टक्के नोकरीची हमी', पण एकही मुलाखत लावली नाही. परतावा ईमेलवर नाकारला. करारात 'वाद फक्त बेंगळुरूच्या न्यायालयात' असं कलम आहे. तक्रार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे करावी की पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात? दोन्हीकडे चालते का?

प्रतिसाद 1

चालते. पण पैसे हवेत तर आयोगच. प्राधिकरण सगळ्या ग्राहकांच्या वतीने बघतं: चौकशी करतं, जाहिरात बंद करायला लावतं, ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 21 खाली 10 लाखांपर्यंत दंड करतं (पुन्हा केल्यास 50 लाख). त्या दंडातून तक्रारदाराला काही मिळत नाही.

लोक चुकतात ते इथे: 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून उत्तराची वाट बघत बसतात. त्याने कलम 69 ची दोन वर्षांची मुदत थांबत नाही. फी भरल्या दिवसापासूनच मोजा.

बेंगळुरूचं कलम आडवं येत नाही. 2019 च्या कायद्याच्या कलम 34 नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. 5 लाखांपर्यंत आयोगाचं शुल्क शून्य, वकील सक्तीचा नाही. आधी 15 दिवसांची नोटीस रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा, मग 'ई-जागृती' या ग्राहक आयोगांच्या पोर्टलवर तक्रार भरा. सोबत प्रतिज्ञापत्र, पावत्या, ईमेल, जाहिरातीचे तारखेसह स्क्रीनशॉट आणि त्यांना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं) प्रमाणपत्र.

प्रतिसाद 2

मसुदा फार जपून लिहा. 'शिक्षण ही सेवा नाही' हा बचाव येणारच. राष्ट्रीय आयोगाने 2020 मध्ये कोचिंग क्लासना कायद्याखाली धरलं, पण व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या संस्थांना वगळलं. म्हणून शिकवणं वाईट होतं यावर भर नको; नोकरीची हमी दिली आणि पाळली नाही, हा मुद्दा पुढे ठेवा. शब्द 'सेवेतील त्रुटी' आणि 'अनुचित व्यापारी प्रथा' हेच वापरा. 'अनुचित करार' लिहिलंत तर सामनेवाले अधिकारक्षेत्राची हरकत घेतील, कारण ती तक्रार राज्य आयोगाकडे जाते.

फी कर्जातून भरली असेल तर कर्ज देणाऱ्या कंपनीलाही सामनेवाले करा. हप्ते परस्पर थांबवू नका, क्रेडिट स्कोअर घसरतो.

प्रश्नकर्ता

कर्ज नाही. त्याच बॅचचे आणखी 14 जण आहेत, एकत्र तक्रार करावी का?

प्रतिसाद 1

कलम 35(1)(क) खाली करता येते, पण आयोगाची परवानगी लागते आणि सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच असावं लागतं. प्रत्येकाची फी आणि करार वेगळा असेल तर स्वतंत्र तक्रारी लवकर सरकतात. प्राधिकरणाकडे मात्र 15 जणांच्या सह्यांचं एकच पत्र द्या, जिल्हाधिकाऱ्यांमार्फतही देता येतं. कोचिंगच्या जाहिरातींबाबत त्यांची नोव्हेंबर 2024 ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांचा उल्लेख करा. त्यांचा आदेश आधी आला, तर तो आयोगात दाखल करा.