डेव्हिड डेव्हिस : वशिल्याच्या पलीकडे

अमेरिकेचे न्यायाधीश डेव्हिड डेव्हिस यांना कुणी कुणी 'राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकनच्या वशिल्याने सर्वोच्च न्यायालयात गेलेला माणूस' म्हणतात. मैत्री होतीच. १८४८ पासून डेव्हिस इलिनॉय राज्याच्या आठव्या सर्किटचे (फिरत्या न्यायालयाच्या विभागाचे) न्यायाधीश होते. गावोगाव फिरून कोर्ट भरायचं आणि लिंकन तिथे वकिली करायचे. १८६० मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या शिकागोच्या अधिवेशनात लिंकनना अध्यक्षपदाची उमेदवारी मिळवून देण्यात डेव्हिस यांचा मोठा वाटा होता, आणि १८६२ मध्ये लिंकननी त्यांची सर्वोच्च न्यायालयात नेमणूक केली, हे खरं.

पण १८६६ चा मिलिगन खटलाही बघा ना! मिलिगन या इंडियाना राज्यातल्या नागरिकाला लष्करी आयोगाने फाशी सुनावली होती. नेहमीची नागरी न्यायालयं सुरू असताना नागरिकावर लष्करी खटला चालवता येत नाही, हा बहुमताचा निकाल डेव्हिस यांनीच लिहिला. म्हणजे आपल्याच मित्राच्या सरकारने चालवलेली पद्धत त्यांनी बेकायदा ठरवली. मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो तो यासाठी.

इलिनॉयच्या विधिमंडळात ते आमदार होते ते १८४५ ते ४७ एवढेच. पुढे १८७७ मध्ये वादग्रस्त अध्यक्षीय निवडणुकीचा निर्णय करणाऱ्या आयोगावर ते येतील अशी अपेक्षा असतानाच इलिनॉयच्या विधिमंडळाने त्यांना सिनेटवर निवडलं. त्यांच्याऐवजी आयोगावर न्यायमूर्ती जोसेफ ब्रॅडली आले आणि आयोगाच्या ८ विरुद्ध ७ मतांनी रिपब्लिकन उमेदवार रदरफोर्ड हेज अध्यक्ष झाले.