मूरवरच्या सोप्या वाटा: पोरांना, आजीआजोबांना घेऊन कुठे गेलात? अनुभव लिहा

उन्हाळा आला की इकडे यूकेत घरोघरी भारतातून आईबाबा येतात, पोरांना सुट्ट्या लागतात आणि मग सगळ्यांना झेपेल असं कुठे जायचं हा एकच विषय. किल्ले, समुद्र, म्युझियम यांची माहिती ढीगभर मिळते पण मूरवर, म्हणजे इथल्या उंचावरच्या उघड्या झुडपी माळरानावर, सहकुटुंब जाण्याबद्दल कोणी फारसं लिहीत नाही, कारण मूर म्हटलं की वारा, चिखल आणि काठ्या घेऊन निघालेले धडधाकट ट्रेकर्सच आठवतात. मला उलट वाटतं, लहानांना आणि म्हाताऱ्यांना मूर फार मानवतो, फक्त वाट छोटी हवी आणि टोक गाठायचा हट्ट नको, कारण तिथे बघण्यासारखं निम्म्याहून अधिक पायाशीच असतं. तर तुमचे अनुभव लिहा. पायाखाली काय आहे (हे सगळ्यात महत्त्वाचं), टॉयलेट आहे का आणि पोरं कशात रमली एवढं जरूर लिहा.

सुरुवात मीच करते. आम्ही शेफील्डच्या बाजूचे, त्यामुळे लाँगशॉ. नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेची इस्टेट आहे, पूर्वी ड्यूक ऑफ रटलंडची शिकारीची जागा होती. कारपार्क, कॅफे, टॉयलेट सगळं वरच, तिथून बरबेज ब्रुक ओढ्यापर्यंत सोपी उतरण. पाणी उथळ, पोरं बूट काढून तासभर आत. ग्रिंडलफर्ड स्टेशनवरून पण येता येतं पण मग पॅडली गॉर्जचा चढ लागतो, दगड आणि झाडांची मुळं, गुडघेदुखीवाल्यांना तिकडून आणू नका. आसपास फर्नमध्ये जात्याचे मोठाले गोल दगड पडलेत, काही अर्धवट घडवलेले, धंदा बसला तेव्हा कारागिरांनी जागीच सोडले ते. पीक डिस्ट्रिक्ट नॅशनल पार्कचं बोधचिन्ह तेच आहे. बाबांनी एकावर हात फिरवला आणि टाकीचे घाव कुठून कसे घातलेत ते नातवाला बोटाने दाखवत बसले, मग पुढे कोणीच गेलं नाही आणि कोणाची तक्रारही नव्हती.

रानवाट:
श्रॉपशरमधलं स्टायपरस्टोन्स. नॅशनल नेचर रिझर्व्ह आहे. इथे दोन गोष्टी वेगळ्या समजून घ्या. कड्यावरून जाणारी वाट म्हणजे नुसते क्वार्टझाइटचे धोंडे, हिमयुगात थंडीने फुटलेले, कोरड्या दिवशीसुद्धा घोटा मुरगळतो. पण सगळ्यांना जमेल अशी एक वेगळी छोटी सपाट वाट मुद्दाम बांधलीय, सासूबाईंना तीच घेऊन गेलो, काठी टेकत आरामात चालल्या. ऑगस्टच्या मध्यात गेलो होतो, हेदरची खुरटी झुडपं फुललेली, सगळा डोंगर जांभळा आणि मधमाश्यांचा आवाज इतका की बोलताना जाणवत होता. वर मॅनस्टोन रॉक ५३६ मीटर, त्याच्याजवळ डेव्हिल्स चेअर. गोष्ट अशी सांगतात की सैतान ओटीत दगड घेऊन चालला होता, इथे टेकला आणि दगड सांडले, आणि ढग उतरले की तो खुर्चीवर बसलाय असं समजायचं. लेकीने ती गोष्ट आजीकडून परत परत सांगून घेतली. खाली बॉग नावाच्या जुन्या शिशाच्या खाणीच्या वस्तीत शाळेच्या इमारतीत व्हिजिटर सेंटर आहे, स्वयंसेवक चालवतात, केक अप्रतिम. हिवाळ्यात बंद असतं, आधी बघून जा.

तिघांची_आई:
डार्टमूर, हेटॉरचा खडक. गाडी रस्त्यालगत कारपार्कमध्ये लावायची आणि मेंढ्या-घोड्यांनी चरून आखूड केलेल्या गवतावरून थेट खडकापर्यंत. चढ आहे पण छोटा, बाळाची बग्गी अर्ध्यापर्यंत गेली, पुढे धाकट्याला कडेवर घेतलं. मोठ्याला आवडले ते ग्रॅनाइटचे रूळ! लोखंडाचे नाहीत, दगडच कोरून रूळ केलेत, १८२० मध्ये खाणीतला दगड कालव्यापर्यंत न्यायला ही ट्रामवे सुरू झाली, घोडे ओढायचे. १८३१ च्या लंडन ब्रिजला इथला ग्रॅनाइट गेला आणि तो पूल आता अमेरिकेत ॲरिझोनात आहे. मुलगा खोबणीत पाऊल ठेवून ठेवून लांबपर्यंत चालत गेला. घोड्यांबद्दल एक कळकळीने सांगते, ते मोकळे फिरतात पण प्रत्येकाला मालक आहे, खायला घालू नका, जवळ जाऊन फोटो काढू नका, चावतात आणि लाथ मारतात, आणि खाण्याच्या आशेने रस्त्याजवळ आले की गाड्यांखाली येतात. जुन्या खाणीत पाणी साठलंय, सुंदर आहे, तिथे मुलांचा हात सोडायचा नाही.

दक्षिणवारा:
लंडनजवळ राहणाऱ्यांसाठी सरेमधलं थर्स्ली कॉमन. उंचावरचा मूर नाही, सखल हीथ (वाळूच्या जमिनीवरचं झुडपी माळरान) आणि दलदल, पण हेदर, पीट (दलदलीत अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची काळी माती) सगळं तेच. वडील व्हीलचेअरवर असतात त्यामुळे आम्ही जागा फार पारखून घेतो. दलदलीवरून बोर्डवॉक म्हणजे फळ्यांची वाट आहे, तिथे चाकं मस्त चालतात, बाकी वाळूच्या वाटांवर मात्र ढकलताना घाम निघतो, तेव्हा मोट पाँडच्या बाजूने बोर्डवॉक गाठा आणि तेवढंच करा. मे २०२० मध्ये इथे मोठी आग लागली, बोर्डवॉक पण जळाला होता, मग नवीन बांधला.

आता खरी गंमत. फळीच्या कडेला वाकून बघा, बोटाच्या पेराएवढी लाल पानं दिसतील, पानावर बारीक केस आणि प्रत्येक केसाच्या टोकावर चिकट थेंब, उन्हात चमकणारा. ते सनड्यू, किडे खाणारं झाड. पीटच्या मातीत नायट्रोजन फार कमी म्हणून ते किड्यांतून मिळवतं. एका पानावर चिलट अडकलं होतं, एक पाय सुटलेला आणि बाकीचे चिकटलेले, वडील खुर्चीतून वाकून बघत होते आणि मुलगी फळीवर पालथी पडून. बराच वेळ दोघं हललेच नाहीत. चतुर इतके की मोजता येत नाहीत, जून-जुलैत ऊन असताना जा.

उत्तरायण:
लांबचं आहे पण लिहितो. स्कॉटलंडच्या अगदी उत्तरेला फोर्सिनार्ड. ट्रेनने उतरायचं, स्टेशनच्या इमारतीतच आरएसपीबी या पक्षीसंरक्षण संस्थेचं व्हिजिटर सेंटर. तिथून जवळच दलदलीतून छोटी ट्रेल निघते, फरशा आणि फळ्या टाकलेल्या आहेत, टोकाला लाकडी मनोरा. वर गेलं की काळ्याभोर पाण्याची शेकडो डबकी दिसतात. हा फ्लो कंट्री, २०२४ मध्ये जागतिक वारसा झाला. पीट साधारण वर्षाला एक मिलिमीटर वाढतं, म्हणजे मीटरभर साठायला हजार वर्षं, आणि इथे काही ठिकाणी दहा मीटर खोल आहे! १९८० च्या दशकात टॅक्स सवलतीसाठी श्रीमंतांनी या दलदलीत पाणी काढून झाडं लावली होती, ती आता तोडून पाण्याचे चर बुजवतायत. झाडं तोडणं चांगलं कसं असं मुलांनी विचारलं, तेव्हा स्फॅग्नम शेवाळाचा एक पुंजका हातात न उपटता नुसता दाबून दाखवला, ओल्या स्पंजसारखं पाणी आलं. ते शेवाळ ओलं राहिलं तरच पीट टिकतं, हे त्यांना लगेच कळलं. गाड्या दिवसाला मोजक्याच, परतीची वेळ पाठ करून ठेवा. उन्हाळ्यात मिजेस म्हणजे बारीक चावरे चिलटं भयंकर, डोक्यावरची जाळी न्याच.

पल्याडची:
बेल्जियममध्ये राहतो. आमच्याकडे हाउट्स फान्येस, फळ्यांच्या वाटा मैलोगणती. देशातलं सर्वात उंच ठिकाण बोत्रांज ६९४ मीटर, १९२३ मध्ये तिथे उंचवटा आणि पायऱ्या बांधल्या म्हणजे चढून ७०० होतात, पोरांना ते फारच आवडतं. पाऊस पडून गेला की फळ्या घसरतात. आणि लाल झेंडा दिसला की आगीचा धोका आहे, आत जायचं नाही, मागे फिरायचं.

कुरल्यू:
कुत्रा असेल तर इंग्लंडात मूरच्या मोकळ्या जमिनीवर १ मार्च ते ३१ जुलै छोट्या पट्ट्यावर धरणं कायद्याने बंधनकारक आहे. कर्ल्यू, गोल्डन प्लोव्हर, ग्राउज हे पक्षी सगळे जमिनीवरच अंडी घालतात, कुत्र्याला घाबरून आईबाप उठले की पिल्लं गारठतात. आणि डिस्पोजेबल बार्बेक्यू कृपा करून नेऊ नका. २०१८ चा सॅडलवर्थ मूरचा वणवा आठवतोय ना, लष्कर बोलवावं लागलं होतं. पीट जमिनीच्या आतून धुमसतं, वरून विझलं तरी विझत नाही.

निर्धास्त:
गोचिडांचं कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. फर्न आणि उंच गवतात जास्त. लांब पँट, पँट मोज्यात खोचलेली, आणि घरी आल्यावर मुलांचे गुडघ्यामागे, काखेत, कंबरेला, केसांच्या कडेला नीट बघायचं. सापडली तर बारीक चिमट्याने त्वचेला लागून धरून सरळ वर ओढायची. तेल, काडी, नेलपॉलिश काही लावायचं नाही. पुढच्या काही आठवड्यांत गोल पसरणारा लालपणा दिसला तर जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) जा, गोचिडांमुळे होणाऱ्या लाइम आजारावर अँटिबायोटिक आहे. आणि ॲडर साप दिसला तर लांबून बघा, तो स्वतःच निघून जातो, पण चावलाच तर हातपाय न हलवता ९९९ ला फोन.

रानवाट:
@निर्धास्त, चिमट्याऐवजी गोचीड काढायचा छोटा प्लास्टिकचा हूक मिळतो केमिस्टकडे, आम्ही तो गाडीतच ठेवतो. अजून एक, हेदरसाठी येणार असाल तर ऑगस्टचा दुसरा-तिसरा आठवडा धरा, आईबाबांची तिकिटं काढताना तेवढं लक्षात ठेवा.