कॅडिसफ्लायची नवी जाती ‘शोधली’ की ‘वर्णिली’?

मूळ प्रश्न:
मंडळी, एका मासिकासाठी छोटं टिपण लिहितेय. कोसोवोतले जीवशास्त्रज्ञ हालिल इब्राहिमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये कॅडिसफ्लायची (ओढ्याकाठच्या पतंगासारख्या किड्याची) एक नवी स्पिशीज ‘डिस्क्राइब’ केली, नाव पोटॅमोफायलॅक्स कोरोनाव्हायरस. संपादकांनी मथळा परस्पर ठरवून टाकला: ‘नव्या प्रजातीचा शोध’. मला ‘शोध’ही खटकतोय आणि ‘प्रजाती’ही. शिवाय कॅडिसफ्लायला मराठीत काय म्हणू?

ओढेकरी:
‘शोध’ काढाच. त्या किड्याचे नमुने साथीच्या आधीच गोळा केलेले होते, काम हातावेगळं झालं ते टाळेबंदीत. सापडणं वेगळं, वर्णन वेगळं. आणि ‘वर्णन’ इथे पारिभाषिक अर्थाने आहे. ‘तपकिरी पंख, लांब मिशा’ एवढं लिहून भागत नाही. एक नमुना होलोटाइप, म्हणजे त्या नावाचा प्रमाण नमुना, म्हणून मुक्रर करायचा, तो कुठल्या संग्रहात ठेवलाय ते सांगायचं, जवळच्या जातींहून वेगळा कशावरून ते दाखवायचं, नाव द्यायचं आणि हे सगळं रीतसर प्रसिद्ध करायचं. तोवर ते नाव कुणी धरत नाही.

कॅडिसफ्लाय तर वरवर बघून ओळखूच येत नाहीत. रात्री ओढ्याकाठी पांढरी चादर टांगून दिवा लावला की त्याच त्या मातकट रंगाचे, पण निरनिराळ्या जातींचे किडे येऊन बसतात, पंख पाठीवर कौलारू छपरासारखे मिटून. मग नराच्या पोटाचं टोक कापून कॉस्टिक पोटॅशमध्ये ठेवतात. मऊ भाग विरघळतो, जननेंद्रियांचे टणक भाग तेवढे उरतात. ते सूक्ष्मदर्शकाखाली बाजूने, वरून, खालून बघून रेखाटायचे. बहुतेक जाती ठरतात त्या या रेखाटनांवर. मादी आणि पाण्यातली अळी नेमक्या कुठल्या नराच्या, हे जुळवायला हल्ली डीएनएची मदत घेतात. या सगळ्याला ‘शोध लागला’ म्हणणं म्हणजे राबणाऱ्याच्या कष्टावर पाणीच.

जुना_मुद्रितशोधक:
‘प्रजाती’बद्दल बोलतो. मराठी परिभाषेची शिस्त अशी: स्पिशीज म्हणजे जाती आणि तिच्या वरची पायरी जीनस, म्हणजे प्रजाती किंवा वंश. वर्तमानपत्रांनी हिंदीच्या वळणाने ‘प्रजाती’ खालच्या पायरीवर आणून बसवली. तुमचा मथळा शिस्तीत वाचला तर कोसोवोत अख्खं जीनस नवं निघालं असा अर्थ होतो. पोटॅमोफायलॅक्स हे जीनस तर १८९१ पासून नोंदलेलं आहे!

‘जाती’ म्हटलं की लोकांना जातपात आठवते, म्हणून कचरतात, हे कळतं. त्यात आपण हापूस-पायरीलाही ‘आंब्याच्या जाती’ म्हणतो, खरं तर ते वाण. तरी टिपणात ‘जाती’च ठेवा. पहिल्या उल्लेखाला ‘जाती म्हणजे स्पिशीज’ असं एकदा सांगितलं की पुरे.

रानवाटा:
कॅडिसफ्लायला ‘काडीमाशी’ कसं वाटतं? अळी काड्या चिकटवून अंगाभोवती नळी करते ना?

ओढेकरी:
माशी नको. माशीला पंखांची एकच जोडी, याला दोन, आणि त्यांवर केस. कॅडिसफ्लायच्या ट्रायकोप्टेरा या गणाच्या नावाचा अर्थच केसाळ पंखांचे. नात्याने हे पतंग-फुलपाखरांचे सख्खे. ‘काडी’ही नको, काडीकिडा हे नाव आधीच दुसऱ्या किड्याला, स्टिक इन्सेक्टला, दिलंय. शिवाय सगळ्या अळ्या काड्या वापरत नाहीत. तोंडातून रेशीम काढून कुणी वाळूचे कण जोडतात, कुणी पानांचे तुकडे. काही नळी न करता दगडाला जाळी विणतात आणि वाहत येणारं अन्न त्यात धरतात.

घरावरून नाव देण्यात काय धोका आहे बघा. आयझॅक ली हे अमेरिकेतले गोगलगायी-शिंपल्यांचे मोठे जाणकार. टेनेसीतल्या कंबरलँड नदीतून आलेल्या वाळूच्या इवल्याशा वेटोळ्या शंखांचं त्यांनी १८३४ मध्ये रीतसर वर्णन केलं, ‘व्हॅल्व्हाटा अरेनिफेरा’ नावाने. समज असा, की ही गोगलगाय शंखावर वाळू चिकटवते. निघालं ते कॅडिसफ्लायच्या अळीचं घर! म्हणजे वर्णन झालं, नावही छापलं गेलं, आणि आतला प्राणी भलताच. मी तर ‘कॅडिसफ्लाय’ तसंच ठेवेन.

रानवाटा:
काडीमाशी मागे घेतो. पण किड्याला विषाणूचं नाव का? वाचणाऱ्याला वाटेल हा रोग पसरवतो.

मूळ प्रश्नकर्ती:
तसा काही संबंध नाही. नाव साथीच्या काळावरून आहे, आणि लेखकांना दुसरीही एक साथ सुचवायची होती: गोड्या पाण्यातल्या जीवांवर गुपचूप आलेली. किडा मिळाला बियेश्कत ए नेमुना म्हणजे ‘शापित डोंगर’ या भागात, डेचानजवळ. तिथल्या नदीची जलविद्युत प्रकल्पांनी वाट लागली आहे. गंमत म्हणजे ग्रीकमध्ये पोटॅमॉस म्हणजे नदी, फायलॅक्स म्हणजे राखणदार.

मथळा असा करते: ‘कॅडिसफ्लायची नवी जाती कोसोवोत वर्णिली’.

जुना_मुद्रितशोधक:
‘वर्णिली’ आरतीत ठीक. ‘कोसोवोतल्या कॅडिसफ्लायच्या नव्या जातीचं वर्णन प्रसिद्ध’ असं करा. लांब वाटलं तर ‘प्रसिद्ध’ गाळू नका, ‘कोसोवोतल्या’ गाळा, तो मजकुरात येईलच. आणि देवनागरीत कॅपिटल अक्षर नाही, तेव्हा शास्त्रीय नावाचे दोन्ही शब्द तिरप्या ठशात घ्यायला सांगा. नाहीतर जुळणी करणारा ‘कोरोनाव्हायरस’ तोडून पुढच्या वाक्याला जोडेल.