राज्याकडे शिल्लक पडली तर पहिला हक्क कोणाचा?

निवृत्त लेखाधिकारी, धरमपेठ
डिसेंबर आला की नागपुरात अधिवेशन, मोर्चे आणि पुरवणी मागण्या. मला मात्र उलटा प्रश्न मांडायचा आहे. सरकारकडे पैसा उरला तर त्याचं काय करावं? २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ४५,८९१ कोटींची महसुली तूट (म्हणजे चालू खर्चाला उत्पन्न कमी पडणं) धरली होती, कर्ज ९ लाख कोटींच्या वर. मग शिलकीची चर्चा आत्ता कशाला, असं कोणी म्हणेल. पण २०१७-१८ आणि २०१८-१९ या दोन्ही वर्षी महाराष्ट्राला महसुली शिल्लक होती, दुसऱ्या वर्षी तर जवळपास १२ हजार कोटी. त्या पैशातून नेमकं काय झालं? मला एकही काम बोट ठेवून दाखवता येत नाही. म्हणून नियम आधी ठरलेला हवा.

माझं मत स्पष्ट आहे: पहिला हक्क कर्जाचा. नुसतं व्याजच वर्षाला ६० हजार कोटींच्या पुढे गेलंय. पगार, पेन्शन आणि व्याज यांना कोणी हात लावू शकत नाही, त्यामुळे पैसा कमी पडला की कात्री लागते ती औषधांना, शाळेच्या दुरुस्तीला. नोकरीभर मी हेच पाहिलं.

मूळची पवनीची, आता मानेवाडा
काका, तुमचा मान ठेवून सांगते, मला हे पटत नाही. आधी अर्धवट कामं पुरी करा. आमच्या पवनीजवळच्या गोसेखुर्द धरणाचं भूमिपूजन १९८८ ला झालं. सुरुवातीचा अंदाज ३७२ कोटींचा होता, तो १८ हजार कोटींवर गेला. तुम्ही सात-आठ टक्क्यांचं कर्ज फेडायला सांगता, पण इथे किंमत वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वेगाने वाढली. मग महाग काय पडलं?

आमच्या धुऱ्याला लागून वितरिकेचा, म्हणजे कालव्याच्या छोट्या फाट्याचा, चर आहे, माझ्या लग्नाआधी खणलेला. आता त्यात बेशरम माजलाय आणि पावसाळ्यात बेडकं ओरडतात. धरण इतकं जवळ, तरी जुलैत पावसानं दडी मारली की धानाचे पऱ्हे (रोपं) पिवळे पडतात. मग बाबा भाड्यानं डिझेल इंजिन आणतात, तेव्हा कुठे रोवणी होते. १९८४ मध्ये दांडेकर समितीनं अनुशेषाचे, म्हणजे कोणता भाग विकासात किती मागे राहिला त्याचे, आकडे काढून दिले. विदर्भाचं देणं हेही कर्जच आहे, फक्त त्यावर व्याज मागायला बँक येत नाही.

निवृत्त लेखाधिकारी, धरमपेठ
ताई, तुमचं दुःख खरं आहे, पण आकडा नीट बघा. १८ हजार कोटी केवळ उशिरामुळे झालेले नाहीत. पुनर्वसन वाढलं आणि २०१३ च्या कायद्यानं जमिनीचा मोबदलाही वाढला. तो वाढायलाच हवा होता.

कंत्राटदार, वाडी
तुम्ही दोघंही शिल्लक खरी धरून चालले. मी सांगतो ती कशी दिसते. सरकारचा हिशेब रोखीचा असतो. काम झालं, मोजमाप पुस्तकात नोंद झाली, पण पैसा दिला नाही, तर तो खर्च त्या वर्षी दिसतच नाही. ३१ मार्चला रात्री अकरा वाजेपर्यंत मी एका कार्यालयात बसलो होतो. बाबू बिचारा दर दहा मिनिटांनी बीम्स, म्हणजे निधीवाटपाची सरकारी संगणक प्रणाली, उघडून पाहायचा, निधी आला का म्हणून. आला नाही. माझं डांबराचं बिल पुढच्या वर्षावर गेलं. मजुरांना मी बायकोचं सोनं गहाण ठेवून पैसे दिले. अशी हजारो बिलं दाबली तर कागदावर शिल्लक पडणारच! म्हणून आधी थकलेली बिलं वजा करा, मग बोला.

आयटीवाला, मिहान
उरला पैसा तर लोकांना परत द्या. तो आपल्याच खिशातून गेलाय. पेट्रोलवरचा व्हॅट कमी करा. अलास्का तेलाच्या निधीतून १९८२ पासून प्रत्येक रहिवाशाला दरवर्षी वाटा देते.

वाणिज्य शाखेची प्राध्यापिका, महाल
भाऊ, अलास्का वाटतं ते निधीच्या कमाईतून, एका वर्षाच्या शिलकीतून नाही. तुम्ही म्हणता ते अमेरिकेनं करून पाहिलं. १९९८ ते २००१ अशी सलग चार वर्षं शिल्लक होती. २००१ ला करकपात केली, लोकांच्या घरी धनादेश पाठवले आणि २००२ ला पुन्हा तूट. मंदी आणि युद्धाचा खर्चही होता, पण कमी केलेला कर परत वाढवायला कोणी धजत नाही. शिल्लक एका वर्षाची असते, करकपात मात्र कायमची होऊन बसते.

नॉर्वेचा मार्ग मला जास्त पटतो. तेलाचा पैसा निधीत ठेवायचा आणि वर्षाला साधारण ३ टक्केच काढायचे. आपल्याकडे चंद्रपूर, नागपूरचा कोळसाही एक दिवस संपणार आहे.

काका, एक तुमच्यासाठीही. राज्याचं बहुतेक कर्ज रोख्यांचं आहे, मुदतीआधी बँकेत जाऊन भरता येत नाही. कर्जफेडीसाठी रिझर्व्ह बँकेकडे वेगळा निधी असतो, त्यात घालावं लागतं. नाहीतर राज्याची शिल्लक रोकड केंद्र सरकारच्या १४ दिवसांच्या कर्जरोख्यांत (ट्रेझरी बिलांत) कमी व्याजावर पडून राहते आणि इकडे आपण चढ्या व्याजानं नवीन रोखे विकतो.

मूळची पवनीची, आता मानेवाडा
ताई, नॉर्वेत कालवे अर्धवट पडलेले नव्हते. ज्याच्या घराला छप्पर आहे त्यानं ठेव ठेवावी.

निवृत्त लेखाधिकारी, धरमपेठ
कंत्राटदार भाऊंचं शंभर टक्के मान्य. थकीत बिलं वजा केल्याशिवाय शिल्लक म्हणूच नये, ही चूक माझ्या मांडणीत होती. रोखे आणि निधीचंही बरोबर.

पण कालव्याबद्दल मी मागे हटणार नाही. शिल्लक येते एखाद्या वर्षी. कालव्याला सलग पाच-सहा वर्षं पैसा लागतो. त्याला शिलकीच्या भरवशावर ठेवलं तर पहिल्या वर्षी मुरूम पडेल आणि दुसऱ्या वर्षी काम बंद. कालवा दरवर्षीच्या ठरलेल्या तरतुदीतूनच व्हायला हवा, लागलं तर कर्ज काढून.

मूळची पवनीची, आता मानेवाडा
हे आधी म्हणाले असते तर मी भांडलेच नसते, काका. कर्ज काढून कालवा पुरा करा आणि शिलकीतून ते कर्ज फेडा, मला चालतं. पण ठरलेली तरतूद दरवर्षी मिळेल, हे लिहून कोण देणार? बाबा विचारून राहिले, धुऱ्यावरचा चर बुजवून तिथं तूर लावू का म्हणून. रोवणीआधी त्यांना उत्तर द्यायचंय.