पोर्टेबल एसी लावला की खोलीत गटाराचा वास, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही पुण्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. घरमालक भिंतीला भोक पाडू देत नाहीत, म्हणून सासूबाईंच्या खोलीत एका पाइपचा पोर्टेबल एसी ठेवलाय. पाइप सरकत्या खिडकीतून डक्टमध्ये (इमारतीच्या आतल्या उघड्या पोकळीत) सोडलाय, उरलेल्या फटीत थर्माकोल. एसी सुरू झाला की थोड्याच वेळात गटाराचा वास सुटतो, शिवाय खालच्यांच्या फोडणीचाही. सासूबाईंना दमा आहे, त्यामुळे फार काळजी वाटते.

हा एसी खोलीतलीच हवा बाहेर फेकतो, मग तेवढी हवा मिळेल त्या फटीतून आत ओढली जाते. बाथरूमच्या सांडपाण्याच्या जाळीजवळ उदबत्ती धरली तर धूर सरळ खोलीकडे वळतो. एसी बंद केला की वळत नाही. जाळीत तांब्याभर पाणी ओतलं की वास कमी होतो, पण उन्हाळ्यात ट्रॅप (जाळीखाली पाणी साठून वास अडवणारा भाग) पुन्हा सुकतो.

रबरी झडपेची जाळी कुणी बसवली आहे का? टिकते का? पाइप बाल्कनीत न्यायचा तर लांबवावा लागेल, त्याने एसीवर ताण येईल ना? आणि दोन पाइपवाल्या एसीने (एका पाइपने बाहेरची हवा घेऊन दुसऱ्याने बाहेर सोडणारा) हा त्रास खरंच थांबतो का? वापरणाऱ्यांनी कृपया सांगा.